नकाशांतील पाठभेद व इंदापूर तालुक्याची साक्ष

जुन्या कागदपत्रांच्या संग्राहकांकडे अलीकडे दप्तराच्या रुमालांबरोबर स्थलनिर्देशक नकाशांचे तक्तेहि येऊं लागले आहेत, ही समाधानाची गोष्ट आहे. मोडी कागदांत आलेलें गांव कोठें होतें, नदीचा उतार कोणत्या जागीं होता, एका मुक्कामापासून दुसरा किती कोसांवर पडे, या प्रश्नांचीं उत्तरें शोधतांना सर्व्हे ऑफ इंडिया खात्याच्या नकाशासारखें साधन दुसरें नाहीं. परंतु या साधनाचा उपयोग ज्या रीतीनें होत आहे ती आम्हांस निर्दोष वाटत नाहीं. शंभर वर्षांपूर्वींचा एक तक्ता व आजचा एक तक्ता शेजारीं शेजारीं मांडावयाचा, दोहोंत जें जें वेगळें दिसेल तें टिपावयाचें, आणि ती यादी प्रदेशांत झालेल्या फेरबदलांची म्हणून छापावयाची, असा प्रघात पडूं पाहत आहे. पोथीच्या बाबतींत असें कोणी करीत नाहीं. दोन हस्तलिखितांत पाठ भिन्न आढळला म्हणजे तो भेद मूळ कर्त्याचा, नकल करणाऱ्या लेखकाचा, कीं मागाहून कोणीं घुसडलेल्या प्रक्षेपाचा, हें आपण आधीं ठरवितों. नकाशासहि तीच कसोटी लावली पाहिजे, एवढेंच प्रस्तुत लेखांत दाखवावयाचें आहे.

नकाशांतील भेद तीन प्रकारचे असतात. पहिला भेद भूमीवरचा : गांव हललें, कालवा आला, रान तुटलें. दुसरा मोजणाराच्या दृष्टीचा : भूमि तीच, परंतु काय टिपावें व काय सोडावें याचा नियम बदलला. तिसरा छापणाराचा : भूमि तीच, नियमहि तोच, परंतु प्रमाण, रंग, लिपि किंवा अक्षांश-रेखांशांचें जाळें बदललें. यांपैकीं पहिला भेद तेवढा प्रदेशाच्या इतिहासाचा. उरलेले दोन नकाशाच्या इतिहासाचे. हे तिन्ही प्रकार एकाच ठिकाणीं स्पष्ट दिसावेत म्हणून आम्हीं पुणें जिल्ह्यांतील इंदापूर तालुका परीक्षणासाठीं निवडला आहे.

१

इंदापूर तालुका भीमा व नीरा या दोन नद्यांच्या मध्यें पसरलेला असून त्याच्या आग्नेय टोंकास नीरा-नरसिंहपूर येथें त्या नद्यांचा संगम होतो. मालोजी राजे भोसले यांच्या नांवाशीं निगडित असल्यामुळें हें स्थळ इतिहासप्रेमी वाचकांस परिचित आहेच. आमच्या प्रस्तुत कामाच्या दृष्टीनें त्याचें महत्त्व निराळें आहे. मुंबई इलाख्यांतील जमीनमोजणीच्या पद्धतीचा पाया याच तालुक्यांत घातला गेला. प्रिंगल साहेबानें १८२७ नंतर केलेली मोजणी व तिजवर बसविलेला धारा रयतेस पेलला नाहीं, जमिनी पडीक पडल्या, तेव्हां इ. स. १८३५ मध्यें गोल्डस्मिड व लेफ्टनंट विंगेट यांनीं येथें नव्यानें काम आरंभिलें. त्यांतून जी पद्धति सिद्ध झाली ती १८४७ च्या संयुक्त अहवालांत नमूद आहे. धारा तीस वर्षांपुरता कायम, शेतांस सर्व्हे नंबर, हद्दीवर दगड व बांध, आणि गांवोगांवचा नकाशा, अशी तिचीं मुख्य अंगें होत.

या गांवनकाशांची साखळी ३३ फुटांची, तिचे आणे १६. एक साखळी लांब व तितकाच रुंद तुकडा तो गुंठा, आणि ४० गुंठ्यांचा एकर. म्हणजे नकाशाचें मापच धाऱ्याच्या हिशेबासाठीं बेतलेलें होतें. त्यांत काळीचा तपशील भरपूर सांपडतो. पांढरी मात्र एका गांवठाणाच्या हद्दींत मिटून जाते, आणि डोंगराची उंची तर मोजलेलीच नसते. ज्यावर धारा बसत नाहीं त्याकडे मोजणारानें पाहावें कशासाठीं?

स्थलनिर्देशक नकाशाची जात अगदीं वेगळी. त्याचा उगम लॅम्ब्टनानें १८०२ मध्यें मद्रासजवळ आरंभिलेल्या त्रिकोणमितीय मोजणींत आहे, आणि त्याचा मुख्य वाचक म्हणजे फौज व बांधकाम खातें. इंचास चार मैल या प्रमाणाचा हिंदुस्थानचा ॲटलास १८२७ पासून तक्त्या-तक्त्यानें निघूं लागला. पुढें इंचास एक मैल या प्रमाणाचे काळ्या शाईचे तक्ते आले. १९०५ मध्यें सर्व्हे समितीच्या शिफारशीवरून सर्व देशाचे नवे रंगीत नकाशे करण्याचें ठरलें. त्यानंतर दशमान पद्धति येऊन १ : ६३,३६० चें प्रमाण जाऊन १ : ५०,००० चें आलें. २००५ च्या नकाशा धोरणानें संरक्षणासाठीं एक व सर्वांसाठीं एक अशा दोन मालिका केल्या.

इंचास एक मैल या प्रमाणांत एका चौरस इंचांत ६४० एकर मावतात. तेव्हां वीस एकरांचें शेत हें एका चौरस इंचाचा बत्तिसावा भाग होय. तें काढतां येत नाहीं व काढण्याचा हेतुहि नाहीं. म्हणून गांवनकाशांत असलेली वस्तु स्थलनिर्देशक नकाशांत नाहीं, एवढ्यावरून ती नाहींशी झाली असें म्हणणें म्हणजे काव्याच्या पोथींत व्याकरणाचें सूत्र नाहीं म्हणून सूत्र लुप्त झालें असें म्हणण्यासारखेंच आहे. याचें ठळक उदाहरण बेचिराग गांवांचें. दिवा लागत नसला तरी महसुली दप्तरांत अशा गांवास नांव, हद्द व सर्व्हे नंबर असतात. स्थलनिर्देशक नकाशाचा मोजणी करणारा तेथें जाऊन पाहतो, तों घर नाहीं, देऊळ नाहीं, विहीर नाहीं. मग तो लिहिणार काय? एक दप्तर म्हणतें गांव आहे, दुसरें त्याचें नांवहि घेत नाहीं. दोन्ही खरींच बोलतात.

२

आतां मोजणाराच्या व छापणाराच्या भेदांचीं कांहीं उदाहरणें पाहूं. काळ्या शाईच्या तक्त्यांत डोंगर उतारदर्शक रेघांनीं दाखवीत. रंगीत तक्त्यांत तपकिरी समोच्च रेषा आल्या, त्याहि पन्नास पन्नास फुटांच्या अंतरानें, आणि दशमान तक्त्यांत वीस वीस मीटरांच्या. पहिल्या तक्त्यांत ठसठशीत दिसणारी टेकडी दुसऱ्यांत एका रेषेच्या वळणांत लपते. टेकडी झिजलेली नसते. तसेंच लागवडीच्या जमिनीचें. रंगीत तक्त्यांत ती पिवळ्या रंगानें येते; काळ्या तक्त्यांत रंगच नव्हता. जुन्या तक्त्यांत जें कोरें होतें तें नव्यांत पिवळें झालेलें पाहून रान मोडून शेतें झालीं असें अनुमान काढणारा मनुष्य शाईचा इतिहास लिहितो, शेतीचा नव्हे.

नांवांची गोष्ट याहून नाजूक आहे. हे तक्ते रोमन लिपींत छापलेले. त्या लिपींत ट व त, ड व द, ण व न, ळ व ल यांचा भेद नुसत्या अक्षरांनीं उरत नाहीं. पळसदेवाचा ळ गेला म्हणजे त्या नांवांतील पळस कोण ओळखणार? एका आवृत्तींत 'वाडी' एका आद्याक्षरानें व दुसरींत दुसऱ्यानें लिहिली गेली, तर नांवांची सूची करणारा एकाच वाडीच्या दोन वाड्या करून बसतो. ज्यांस ग्रामनामांचा अभ्यास करावयाचा आहे त्यांनीं रोमन नांवावर व्युत्पत्तीची इमारत न उभारतां तें नांव गांवनकाशाशीं व जुन्या देहझाड्याशीं ताडून मगच मान्य करावें. येथें महसुली कागद हीच जवळची परंपरा होय; स्थलनिर्देशक तक्ता हा परलिपींत गेलेला पाठ होय.

अक्षांश-रेखांशांविषयीं तर विशेष सावधगिरी हवी. जुने तक्ते एव्हरेस्टच्या नांवानें ओळखल्या जाणाऱ्या पृथ्वीच्या आकारमानावर बसविलेले आहेत. २००५ नंतरच्या खुल्या मालिकेचा आधार निराळा आहे. त्यामुळें जाळ्यावर जाळें ठेवलें तर देऊळ, विहीर, टेकडी सगळेंच थोडथोडें सरकल्यासारखें दिसतें. सगळ्या गोष्टी एकाच दिशेनें सारख्याच सरकल्या असतील, तर सरकलें तें जाळें, गांव नव्हे.

इंदापुराच्या बाबतींत आणखी एक अडचण आहे. १८ अंश अक्षांश व ७५ अंश रेखांश यांचा छेद याच तालुक्यांत पडतो. त्यामुळें ४७ या क्रमांकाखालील जे, के, एन व ओ या चार अंशतक्त्यांचे कोपरे येथें एकत्र येतात. एक तालुका चार निरनिराळ्या पोथ्यांत विभागला गेला आहे, असेंच म्हणा ना. या चारांची मोजणी एकाच वर्षीं झाली असेल असें गृहीत धरण्यास आधार नाहीं. एका तक्त्यांत कडेपर्यंत आलेला रस्ता शेजारच्या तक्त्यांत पुढें दिसला नाहीं, तर रस्ता तेथें संपला असें न समजतां दोन्ही तक्त्यांचीं मोजणीचीं वर्षें आधीं पाहावीं.

३

इतकें वगळल्यावर जें उरतें तें भूमीवरचें अंतर, आणि तें थोडें नाहीं. पहिला मोठा फरक नीरेच्या डाव्या कालव्याचा. भाटघर येथें नीरेच्या खोऱ्यांत धरण बांधून वीर येथून काढलेला हा कालवा १८८५ च्या सुमारास वाहूं लागला व बारामती-इंदापूरच्या कोरड्या रानांतून पुढें गेला. तक्त्यांत तो एक निळी रेघ म्हणून येतो. त्याच्या खालच्या अंगास पुढील आवृत्त्यांत वाड्या व वस्त्या दाट होत जातात. यांतील कांहीं वाढ मोठ्या प्रमाणाची देणगी आहे हें खरें. परंतु वस्त्या कालव्याच्या एकाच अंगास वाढलेल्या दिसत असतील तर तो छापणाराचा खेळ नव्हे. प्रमाण बदललें असतें तर दोन्ही अंगांस सारखींच टिंबें वाढलीं असतीं. पाण्यामुळें कुणबी गांवठाण सोडून शेतावर राहावयास गेला, हें अनुमान येथें पक्कें ठरतें. पाठ ठरविण्याची ही रीति संग्राहकांनीं ध्यानांत ठेवण्यासारखी आहे.

परंतु हाच तक्ता उसाविषयीं कांहीं सांगत नाहीं, कारण पिवळा रंग लागवडीचा आहे, पिकाचा नाहीं. जोंधळा व ऊंस त्याच्या लेखीं एकच. १९३० नंतरच्या दशकांत कळंब गांवाच्या रानांत साखर कारखाना निघून वालचंदनगर उभें राहिलें, तें मात्र नव्या नांवानें व घरांच्या तांबड्या ठिपक्यांनीं नकाशांत उमटतें. म्हणजे ऊंस पिकला हें नकाशा सांगत नाहीं. कारखाना झाला हें सांगतो. कालव्याच्या पाण्यानें कोठें जमीन चोपण झाली, कोणाचें शेत खारावलें, हें तर त्यास मुळींच ठाऊक नाहीं. त्यासाठीं पाटबंधारे खात्याचे व महसुली कागद पाहावे लागतात.

४

दुसरा फरक सर्वांत मोठा, व तोच या लेखाचें मुख्य कारण. भीमेवर माढा तालुक्यांत उजनी येथें धरण बांधण्याचें काम १९६६ मध्यें सुरू होऊन १९८० मध्यें पुरें झालें. सुमारें ११७ अब्ज घनफूट पाणी मावेल असा हा जलाशय इंदापूर, करमाळा वगैरे तालुक्यांच्या नदीकांठावर पसरला. पूर्वींच्या तक्त्यांत भीमेच्या दोन्ही तीरांस गांवांची ओळ होती. पुढच्या तक्त्यांत तेथें निळा रंग आहे. नदीकांठचीं गांवें पाण्याखालीं गेलीं व तीं वरच्या माळावर नव्यानें वसविलीं गेलीं.

पळसदेव हें यांतील एक. भीमेच्या कांठचें जुनें गांव बुडालें, नवें गांव पुणें-सोलापूर रस्त्यावर वसलें, आणि नांव तेंच राहिलें. पळसनाथाचें प्राचीन देऊळ जुन्या जागीं पाण्यांत आहे. पाणी ओसरलें कीं शिखर दिसूं लागतें, आणि दुष्काळी वर्षीं देऊळ उघडें पडतें.

आतां असें समजा, कीं एखाद्या संशोधकाजवळ या कांठच्या एका गांवाचें इनामपत्र आहे. त्यांत चतुःसीमा दिली आहे : उत्तरेस भीमा नदी, पूर्वेस अमुक ओढा. तो आजचा तक्ता उघडतो. त्यास त्याच नांवाचें गांव नदीच्या मूळ पात्रापासून दूर, रस्त्याच्या कडेस दिसतें. ओढा दिसत नाहीं. नदीच्या जागीं विस्तीर्ण तलाव आहे. मग तो टीप लिहितो कीं पत्रांतील चतुःसीमा चुकीची, अथवा पत्र बनावट. पत्र खरें आहे, गांवहि खरें आहे, तक्ताहि खोटा नाहीं. चुकली आहे ती आवृत्तीची निवड. बनावट कागद ओळखण्याची विद्या आपल्या संशोधकांनीं मोठ्या कष्टानें मिळविली आहे. ती अस्सल कागद फेंकून देण्याच्या कामीं येऊं नये.

या निळ्या रंगाविषयींहि दोन शब्द सांगितले पाहिजेत. जलाशयाची जी कड नकाशांत काढलेली असते ती पूर्ण भरलेल्या पाण्याची. तें पाणी कांहीं बारमास तेथें नसतें. उन्हाळ्यापर्यंत तें मागें हटत जातें, गाळाची जमीन उघडी पडते, व तीवर गाळपेर होते. म्हणजे नकाशा ज्यास पाणी म्हणतो तेथें वर्षांतून कांहीं महिने पीक उभें असतें, आणि कोठें कोठें जुन्या गांवाचा चौथराहि. नकाशांतील रेघ ही शासनानें ठरविलेली मर्यादा आहे. पाण्याची रोजनिशी नव्हे.

याच्या उलट, धरणापूर्वींच्या एक इंची तक्त्याचा गुण येथें मानला पाहिजे. समोच्च रेषा, ओढ्यांचीं वळणें, नदीचे उतार, गाडीवाटा, देवळें व विहिरी यांसह बुडालेलें खोरें एका दृष्टिक्षेपांत दाखविणारें, सामान्य अभ्यासकाच्या हातीं येण्यासारखें, याहून चांगलें साधन नाहीं. गांवनकाशे त्याहून बारीक आहेत, परंतु ते सुटे सुटे. त्यांस उंची नाहीं व शेजार नाहीं. नवी आवृत्ति निघाली म्हणजे व्यवहारांत जुनी रद्द होते, आणि तें योग्यच आहे. इतिहासाच्या दृष्टीनें मात्र जुनी आवृत्ति त्याच दिवशीं मूळ प्रतीच्या योग्यतेस चढते.

कोणी म्हणेल, आतां आकाशांतून घेतलेलीं चित्रें आहेत, मग हा खटाटोप कशास? अशा उपग्रहांपैकीं पहिला लँडसॅट १९७२ मध्यें सोडला गेला. उजनीचें पाणी चढण्यापूर्वींचीं थोडींच वर्षें त्याच्या वांट्यास आलीं, आणि नीरेचा कालवा, मुळशीचें धरण, भाटघर हीं तर त्याच्या जन्माआधींचीं. मुळशीच्या मावळ्यांनीं १९२१ मध्यें सेनापति बापटांच्या नेतृत्वाखालीं सत्याग्रह केला. त्यांचें खोरें बुडण्यापूर्वीं कसें होतें हें विचारावयाचें तर जुन्या नकाशांसच विचारलें पाहिजे. शिवाय आकाशांतून घेतलेल्या चित्रांत नांवें नसतात, आणि नांवावांचून मोडी कागद व भूमि यांची गांठ पडत नाहीं.

५

नकाशाची सर्व चिकित्सा ज्यावर अवलंबून आहे तो भाग म्हणजे त्याची कड. पोथीस जशी पुष्पिका, तशी तक्त्यास ही कड. मोजणी कोणत्या वर्षीं झाली, छपाई कोणत्या वर्षीं, आवृत्ति कितवी, दुरुस्ती कशाकशाची केली, हें तेथें लिहिलेलें असतें. तक्त्याचा कोणता भाग कोणत्या वर्षींच्या मोजणीवरून घेतला हें दाखविणारी लहानशी आकृतीहि पुष्कळदां असते. छपाईचें वर्ष हें मोजणीचें वर्ष नव्हे, ही गोष्ट पुनःपुन्हां सांगावी लागते याचें आम्हांस नवल वाटतें. शके १७०० मध्यें नकललेली पोथी त्याच शकांत रचली गेली असें कोणी म्हणत नाहीं. मग रस्ते तेवढे दुरुस्त करून पुन्हां छापलेल्या तक्त्यावरून त्या सालीं गांवांत किती वस्त्या होत्या हें कसें ठरविणार?

असें असतां, चौकटींत बसविण्यासाठीं कडा कापलेले तक्ते आम्हीं एकाहून अधिक संग्रहांत पाहिले आहेत. पुष्पिका फाडून पोथी मखमलींत गुंडाळावी, त्यांतलाच हा प्रकार. दुसरी अनिष्ट चाल नवी प्रत मिळतांच जुनी रद्दींत देण्याची. या दोन्ही गोष्टी त्वरित थांबल्या पाहिजेत. ज्यांच्यापाशीं असे तक्ते असतील त्यांनीं प्रत्येकाचा क्रमांक, प्रमाण, मोजणीचें वर्ष, छपाईचें वर्ष, आवृत्ति व कडेवरील सर्व मजकूर जसाच्या तसा उतरून त्याची यादी करावी. त्यांतील गांवांचे गांवनकाशे भूमि अभिलेख कार्यालयांतून पाहावे. १९४७ च्या कायद्यानंतर जेथें जेथें एकत्रीकरण झालें तेथें सर्व्हे नंबर जाऊन गट नंबर आले, तेव्हां जुन्या-नव्या नंबरांचें कोष्टकहि त्याबरोबर जोडावें. बुडित गांवांच्या बाबतींत जुन्या जागेचा व नव्या जागेचा निर्देश वेगवेगळा करावा, एका नांवाखालीं दोन्ही मिसळूं नयेत.

हें काम वरवर पाहतां रुक्ष आहे, पण तें केवळ विद्वानांच्या वादासाठीं करावयाचें नाहीं. ज्यांचीं गांवें पाण्याखालीं गेलीं त्यांच्यापैकीं जुनें गांवठाण डोळ्यांनीं पाहिलेलीं माणसें वर्षानुवर्षें कमी होत आहेत. त्यांच्या नातवंडांनीं आपली पांढरी कोठें होती असें विचारलें, तर नव्या तक्त्यांत त्यांस निळा रंग मिळेल. जुना तक्ता, कडेसह, शाबूत असेल तर ओढा, देऊळ, विहीर व नदीचा उतार यांसह ती जागा दाखवितां येईल. ज्या संग्राहकांजवळ भीमा, नीरा, मुळा वगैरे नद्यांच्या बुडित कांठांचे जुने तक्ते असतील त्यांनीं वरीलप्रमाणें याद्या करून त्या अभ्यासकांस उपलब्ध करून द्याव्या, एवढीच विनंति.